शस्त्राने दिलेला मिताहार

गेल्या माघात काशीतील ब्रह्माघाटावर एका आप्तांच्या घरी मुंजीची पंगत बसली होती. माझ्या पानातील चार घासांचे अन्न पाहून शेजारी बसलेले वृद्ध शास्त्रीबुवा हसले. ते माझ्या वडिलांचे सहाध्यायी. बालपणी त्यांच्याच पुढ्यात बसून मी रूपावली घोकली आहे. ते म्हणाले, "अरे, एवढ्यावर तुझे भागते? मग तू मिताहारी झालास म्हणावयाचे, की मिताहारी केला गेलास?"

पंगतीत हशा पिकला, मीही हसलो. कर्तरी आणि कर्मणी प्रयोगांतील हा भेद व्याकरण शिकलेल्या माणसास समजावून सांगावा लागत नाही. परंतु घरी परतल्यावर तो प्रश्न मनातून जाईना. ज्याने स्वतः होऊन काही सोडले नाही, ज्याच्याकडून ते सोडविले गेले, त्याच्या त्यागास त्याग म्हणावे काय? आणि म्हणू नये, तर मग त्याने पुढे करावे तरी काय? ह्या दुसऱ्या प्रश्नाकडे आपले लक्ष सहसा जात नाही. माझे मात्र सारे आयुष्य आता त्यावर अवलंबून आहे, म्हणून तो वाचकांपुढे मांडण्याचे धाडस करीत आहे.

हकीकत थोडक्यात अशी. माझा व्यवसाय भाषांतराचा. दिवसाचे आठ-दहा तास बैठकीत जातात. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, २०२१ साली, माझे वजन ११८ किलोग्रॅम होते. मधुमेहासाठी सुई टोचून घ्यावी लागे आणि घाटाच्या पायऱ्या उतरलो तर चढून येण्याची खात्री नसे. पथ्ये केली, चालणे केले; दहा किलो उतरत आणि बारा चढत. शेवटी वैद्यकीय सल्ल्याने वजन घटविण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. ह्या शस्त्रक्रियेचे प्रकार अनेक आहेत. जठराचा अगदी लहान कप्पा वेगळा करून त्यास आतडे जोडण्याची पद्धत अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात मेसन व इतो ह्या शल्यवैद्यांनी १९६६ साली आरंभिली. माझ्यावर केलेली त्याहून निराळी होती. तीत जठराचा सुमारे ऐंशी टक्के भाग कापून काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी तेवढी शिल्लक ठेवतात. पूर्वी जेथे शेर-दीड शेर मावे तेथे आता लहानशी वाटी भरते.

ह्यास पुष्कळजण 'पळवाट' म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण ते ऐकू येते. त्यांच्या मनात एक गृहीत असते: स्थूल मनुष्य तो खादाड, आणि खादाडपणा हा दोष, मग दोषाचे क्षालन तपाने व्हावे, शस्त्राने कसे होईल? आपल्या प्राचीन वैद्यकाची दृष्टी इतकी संकुचित नव्हती. चरकाने अतिस्थौल्याची कारणे सांगताना अतिभोजन, व्यायामाचा अभाव ह्यांच्या जोडीला बीजस्वभावही सांगितला आहे. म्हणजे काहींना ते जन्मतःच मिळते. पुढे तो असेही सांगतो की मेदाने मार्ग अडला म्हणजे कोष्ठातील वायू अग्नीस अधिक प्रदीप्त करतो आणि स्थूलास भूक अधिक लागते. आधुनिक शास्त्राची भाषा वेगळी, पण तेही भुकेचे मूळ केवळ इच्छेत शोधीत नाही. १९९९ साली जपानमधील कोजिमा, कांगावा आदी संशोधकांनी 'घ्रेलिन' नावाचे भूक चाळविणारे द्रव्य शोधून काढले. ते मुख्यतः जठराच्या वरच्या भागात निर्माण होते आणि माझ्या शस्त्रक्रियेत नेमका तोच भाग काढून टाकतात. तेव्हा ज्याची भूकच रोगाने वाढलेली आहे, त्याने वैद्याचे साह्य घेतले ह्यात अधर्म तो कोणता? मोतीबिंदू काढून घेणाऱ्यास आपण पळपुटा म्हणत नाही.

पहिल्या दीड वर्षात मला हे सारे फार सोपे वाटले. आधी दोन आठवडे पातळ पदार्थ, मग मऊ, मग हळूहळू नित्याचे अन्न. भूक जणू नव्हतीच. मिठाईच्या दुकानावरून जाताना मान वळत नसे. वजन चौदा महिन्यांत ७९ किलोवर आले, सुई सुटली. आणि मनात एक सूक्ष्म अहंकार शिरला. मला वाटू लागले, आपण जिंकलो.

दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी स्थितप्रज्ञास कासवाची उपमा दिली आहे. कासव आपले अवयव चोहोंकडून आत ओढून घेते, तसे इंद्रियांना विषयांपासून आवरणारा तो स्थितप्रज्ञ. ही उपमा मी कित्येकदा भाषांतरिली आहे. पण तीतील एक गोष्ट मला शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या वर्षी समजली: तेथे ओढून घेणारे कासव स्वतः आहे. कासवास कोणी पेटीत कोंबले आणि त्यामुळे त्याचे पाय बाहेर आले नाहीत, तर त्यास कोणी स्थितप्रज्ञ म्हणणार नाही. मी पेटीतले कासव होतो आणि स्वतःस कूर्मावतार समजत होतो!

लगेच पुढच्या श्लोकात भगवंत नेमकी हीच अवस्था सांगतात. आहार न घेणाऱ्या देहधाऱ्याचे विषय मागे सरतात, पण रस मागे सरत नाही. तो परमतत्त्वाच्या दर्शनानेच सरतो. येथे 'रस' शब्दाचे भाषांतर करताना मी नेहमी अडखळतो. 'चव' म्हटले तर फार उथळ होते, 'आसक्ती' म्हटले तर जिभेचा संबंध तुटतो. भाष्यकार त्याचा अर्थ 'राग' करतात, विषयांविषयीची ओढ. आचार्य तेथे असेही सुचवितात की कष्टप्रद तपात बसलेल्या मूर्खाचेदेखील विषय सुटतात. मूर्खाचेसुद्धा! म्हणजे विषय सुटणे हे ज्ञानाचे लक्षणच नव्हे. शल्यवैद्य माझ्या पोटातून जठर काढू शकला. रस कोणत्या अवयवात राहतो हे त्यासही ठाऊक नव्हते, मग तो काढणार कोठून?

हा रस कसा परत येतो ते सांगितले पाहिजे, कारण तो समोरच्या दाराने येत नाही. शस्त्रक्रियेनंतरचे लहान जठर घट्ट अन्नास अडविते. ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ चावून खाल्ली तर सहाव्या-सातव्या घासास पोट 'पुरे' म्हणते. पण बासुंदीस ते अडवीत नाही. ती सरळ खाली उतरते. चहात बुडविलेले बिस्किट, तोंडात विरघळणारा पेढा, शेव, कुरकुरीत चिवडा, हिवाळ्यात काशीच्या गल्ल्यांत मिळणारा दुधाच्या फेसाचा मलइयो, ह्या सर्वांस ती अरुंद नळी मोकळा रस्ता देते. भाकरीचा जेवढा घास मावतो त्याच्या चौपट उष्मांक दिवसभर थोडेथोडे करून आत जातात आणि पोट एकदाही भरल्याची साक्ष देत नाही. तोपर्यंत मूळची भूकही अंशतः परतलेली असते. शरीर घटलेल्या वजनास सरावते आणि कमी अन्नात भागवू लागते. शस्त्राचा पहारा असा एका दारापुरताच आहे.

माझे दुसरे दार दुपारी चार वाजता उघडे. हातातल्या ग्रंथाचे एक पान भाषांतरून झाले की पेढ्याचा एक तुकडा, असा नियम मी मनाशी ठरविला होता. डबा ग्रंथांच्या मागे असे. घरात कोणास ठाऊक नव्हते. जेवणाच्या पानावर मी पूर्वीइतकाच मिताहारी होतो, लोक कौतुक करीत, आणि वजन ७९ वरून ८८ वर गेले. ते वाढू लागताच मी तपासणीस जाणे सोडले. अकरा महिने गेलो नाही. काट्यावर उभे राहण्याची लाज वाटे, आणि त्याहून अधिक लाज त्या पहिल्या वर्षाच्या बढाईची वाटे.

त्याच काळात दुसरी एक चूक झाली. ती विशेषतः आपणासारख्या व्रतस्थ कुटुंबांस सांगण्याजोगी आहे. ह्या शस्त्रक्रियेनंतर लोह, कॅल्शियम, 'ड' आणि ब१२ ही जीवनसत्त्वे जन्मभर पुरवावी लागतात, कारण जठर लहान झाल्यामुळे ती शरीरास पुरेशी मिळत नाहीत. शाकाहाऱ्यास ब१२ मुळातच कमी मिळते. काही औषधांची वेष्टने प्राणिज असतात असे कळल्यावर मी ती बंद केली, आणि एकादशी, प्रदोष, चतुर्थीला बाकीच्या गोळ्याही 'उपास मोडतो' म्हणून टाळू लागलो. मग टाळणेच अंगवळणी पडले. काही महिन्यांनी पायांस मुंग्या येऊ लागल्या, तळवे बधिर झाले. वास्तविक माझ्यासारख्या शिकलेल्यास हे शोभले नाही. व्रतभंग न करणाऱ्या आठ गोष्टी आपल्या धर्मशास्त्रात सांगितल्या आहेत. त्यांत पाणी, फळे, दूध, गुरूचे वचन ह्यांच्याबरोबर औषधही स्पष्टपणे मोजलेले आहे. ते वचन मी पाठशाळेत पाठ केले होते. आठवले मात्र नाही, कारण आठवू द्यावयाचे नव्हते. न घेण्यास निमित्त हवे होते. शाकाहारी वेष्टनाच्या किंवा चघळण्याच्या गोळ्याही मिळतात आणि ब१२ टोचूनही घेता येते, हे एका प्रश्नात कळले असते.

उपासाबद्दलही तेच. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. ज्याच्या पोटात दिवसाकाठी एवढेसेच अन्न मावते त्याने ती जागा खिचडीने भरली, तर शरीर पोषणावाचून राहते आणि वजन मात्र वाढते. मला आता निर्जळी उपास निषिद्ध आहे. एकादशीला दूध, दही, पनीर व थोडे फळ घेतो, आणि चार वाजताची बैठक त्या दिवशी मोडतो. ते व्रत मला खिचडीच्या व्रताहून कठीण जाते.

पायांच्या बधिरपणाने शेवटी मला तपासणीस नेले. तेथील आहारतज्ज्ञ बाईंनी काट्यावरचा आकडा पाहून काही म्हटले नाही. त्यांनी एवढेच विचारले, "आपण एकटे असताना केव्हा खाता?" उत्तर देण्यापूर्वीच माझे डोळे भरून आले. मी काय खातो हे मला सर्वांनी विचारले होते. एकटा केव्हा खातो हे कोणी विचारले नव्हते.

त्यांनी जे नियम पुन्हा घालून दिले ते ऐकताना मला सहाव्या अध्यायावरील शांकरभाष्य आठवत राहिले. फार खाणाऱ्यास योग नाही, मुळीच न खाणाऱ्यासही नाही, ह्या श्लोकावर आचार्यांनी दोन प्रमाणे दाखविली आहेत. एक श्रुतीचे: जे अन्न 'आत्मसंमित', म्हणजे आपल्या मापाचे, ते रक्षण करते आणि अपाय करीत नाही, त्याहून अधिक असेल ते अपाय करते, उणे असेल ते रक्षण करीत नाही. दुसरे योगशास्त्राचे: पोटाचा अर्धा भाग अन्नास, एक चतुर्थांश पाण्यास, आणि उरलेला वायूच्या संचारासाठी मोकळा. आता पाहा, हे दुसरे माप माझ्या उपयोगाचे राहिले नाही. मला जेवताना पाणी पिता येत नाही. जेवणानंतर निदान अर्धा तास थांबून मग घोटघोट प्यावयाचे. पहिल्या मापाचा मात्र अक्षरशः उपयोग होतो, कारण त्यात आकडा नाही. 'आपल्या' मापाचे एवढेच आहे, आणि ते आपले माप पालटले की अन्नाचे पालटले. 'उणे असेल ते रक्षण करीत नाही' ह्या भागाकडे तर मी कधी लक्षच दिले नव्हते. कमी खाणे हेच पुण्य, अशी आमची समजूत! दिवसाला निदान साठ ग्रॅम प्रथिने पोटात गेली पाहिजेत असे बाईंनी सांगितले. वाटीभर घट्ट वरणातून सुमारे सात मिळतात, शंभर ग्रॅम पनीरातून सुमारे अठरा. म्हणजे योजना केल्यावाचून हिशेब जमत नाही. म्हणून पानावर आधी वरण, उसळ वा पनीर, मग भाजी, जागा उरली तर पोळीचा चतकोर. प्रत्येक घास पुष्कळ चावून, एका जेवणास वीस-तीस मिनिटे. पोट 'पुरे' म्हणण्यापूर्वी एक बारीकशी सूचना देते. कोणास उचकी येते, कोणाचे नाक गळू लागते. ती ऐकून थांबावयाचे. आणि दोन जेवणांच्या मध्ये तोंड चालू ठेवावयाचे नाही. मधल्या वेळेस घ्यावयाचे असेल ते पानावर, बसून, घरच्यांसमोर.

घरच्यांचा विषय निघालाच आहे, तर आग्रहाबद्दल लिहितो. आपल्याकडे आग्रहावाचून जेवण म्हणजे देवावाचून देव्हारा. वाढणारीने तीनदा विचारावे, जेवणाऱ्याने दोनदा नको म्हणावे, ही रीत. तीत प्रेम आहे हे मी नाकारीत नाही. परंतु ज्यास दोन घासांचेच माप उरले आहे त्याच्या 'नको'चा अर्थ खरोखरच नको असा असतो, हे यजमानास उमगत नाही आणि पाहुण्यास ठासून सांगवत नाही. मग पानात टाकण्याचे पाप की पोटात कोंबण्याचे पाप, असे द्वंद्व उभे राहते. माझ्या मते टाकणे टळावे ह्यासाठी वाढण्यापूर्वीच बोलावे. आणि इतके करूनही कोणी वाढलेच, तर पानातील अन्न गाईस घालता येते, पोटातील नाही.

आमच्या आईचे वय चौऱ्याहत्तर. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या होळीस तिने पुरणपोळी केली आणि म्हणाली, "एवढीशी तरी घे रे, माझ्या हातची आहे." मी अर्धी पोळी तुपाशी घाईघाईने खाल्ली, तिचा चेहरा पडू नये म्हणून. पाच-दहा मिनिटांत छातीत कळ आली, घाम सुटला आणि सारे उलटून पडले. ती दाराशी बसून राहिली. 'मी पोराला विष घातले' असे ती रात्री माझ्या पत्नीस म्हणाली, ते मला पुढे कळले. दोन दिवसांनी तिने ट्रंकेतून माझ्या उष्टावणाची चांदीची वाटी काढली, चिंचेने घासली आणि तीत घट्ट वरण वाढून माझ्यापुढे ठेवली. आजही घरी मी त्याच वाटीत जेवतो. त्या चार वाजताच्या डब्याची गोष्ट मी तिला सांगितली तेव्हा ती रागावली नाही. डबा कोठे आहे तेवढे विचारून तिने तो उचलला. आता त्या वेळी ती स्वतः ताकाचे भांडे घेऊन येते आणि मी काय भाषांतरिले ते वाचावयास लावते.

आता मूळ शंकेकडे वळू. शस्त्राने घडविलेला संयम हा संयम नव्हे, हे मला मान्य आहे. परंतु तो निरुपयोगी आहे असे त्यावरून ठरत नाही. सहाव्या अध्यायातच योग्यास शुद्ध जागा, फार उंच नाही फार सखल नाही असे आसन, खाली दर्भ, वर वस्त्र, असे सांगितले आहे. आसन हे बाहेरचेच साधन. ते कोणी दुसऱ्याने मांडून दिले तरी चालते. पण त्यावर बसून मन आवरण्याचे काम दुसऱ्यास करता येत नाही. शल्यवैद्याने मला आसन मांडून दिले. मी त्यावर बसण्याऐवजी त्यासच सिद्धी समजलो.

आणि रस परमदर्शनावाचून सरत नाही, तर माझ्यासारख्याने काय करावे? मला दर्शन झालेले नाही. होईल असा दावाही नाही. आपणांपैकी बहुतेकांचे आयुष्य विषय सुटणे आणि रस सुटणे ह्यांच्या मधल्या पट्ट्यातच जावयाचे आहे. त्या पट्ट्यात चालण्याची युक्तीही त्याच अध्यायात आहे: चंचल मन जेथून जेथून निसटेल तेथून तेथून त्यास आवरून परत आणावे. ह्यात निसटण्याबद्दल दंड सांगितलेला नाही, हे मी पूर्वी वाचले होते पण ऐकले नव्हते. निसटणे गृहीतच धरले आहे. काम परत आणण्याचे आहे. आणि ते 'तेथून' आणावयाचे, म्हणजे आधी कोठे गेले ते पाहिले पाहिजे. मी अकरा महिने पाहण्याचेच टाळले. पेढ्याने माझे नुकसान केले त्याहून अधिक त्या लाजेने केले, असे आता वाटते. पेढ्याने नऊ किलो वाढविले. लाजेने पायांची संवेदना घालविली, आणि उजव्या पायाच्या दोन बोटांची ती अद्याप आलेली नाही. अर्जुनासही ही भीती होतीच. श्रद्धा असून ज्याचे मन योगापासून ढळले तो फुटलेल्या ढगासारखा नाश पावतो काय, असे त्याने विचारले आहे. आणि भगवंतांनी 'नाही' असे सांगितले आहे. ज्यांच्या घरी अशी शस्त्रक्रिया झालेले कोणी असेल आणि ज्यांचे वजन पुन्हा चढत असेल, त्यांनी ते उत्तर त्याच्या कानावर घालावे आणि त्यास तपासणीस धाडावे. शक्य तर सोबत जावे.

माझे वजन आज ८३ आहे. ७९ व्हावयाचे की नाही हे मला ठाऊक नाही. बाईंनी त्याची चिंता करू नका म्हणून सांगितले आहे. गेल्या आठवड्यात दोनदा डबा नसतानाही हात ग्रंथांच्या मागे गेला.

हा लेख लिहून झाल्यावर शास्त्रीबुवांकडे गेलो आणि म्हटले, "काका, त्या दिवशीच्या प्रश्नाचे उत्तर आणले आहे. अजून कर्मणीच आहे. मधूनच एखादा दिवस कर्तरी होतो." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हातातली तंबाखूची डबी न उघडताच कमरेस खोचली आणि म्हणाले, "पुढच्या मंगळवारी इकडेच जेवायला ये. तुझ्या काकूला वरणात पाणी घालू नकोस म्हणून आताच सांगून ठेवतो."